चंपाबाईंचा चौका आणि सातचं ॲव्हरेज

पायगोंडा मगदूम यांना कुणी "तब्येत कशी हाय?" म्हणून विचारलं, तरी ते गाडीची तब्येत सांगायचे. "एकटी लिटरला तेरा देती. मागं ट्रॉली लावली की सात. वारं समोरनं आलं तर साडेसहा, लिहून घ्या." समडोळीत लिहून घेणारा कुणी नव्हता, पण ऐकल्याशिवाय सुटकाही नव्हती. गाडी केवढी, तर गल्लीत वळताना दोन्ही कट्ट्यांवरचे म्हातारे पाय वर घेत. मुलगा भरतेश जर्मनीला जाताना ती दारात ठेवून गेला आणि म्हणाला, "पप्पा, आईला जरा फिरवा." पप्पांनी चार वर्षांत आईला दोनदा फिरवलं. दोन्ही वेळा सांगलीच्या दातांच्या डॉक्टरकडे.

चंपाबाईंना फिरायचं नव्हतंच. त्यांची इच्छा एकच होती, आणि ती नवऱ्यालाच काय, गल्लीतल्या बायकांनाही पाठ होती.

जिनमती त्यांची धाकटी बहीण. आई लवकर गेली, तेव्हा चंपाबाई चौदा वर्षांच्या आणि जिनमती चार. दहीभात कालवून चंपाबाईच तिच्या मागं फिरायच्या. पोरगी एक घास घ्यायची आणि अंगणाला एक फेरी मारून यायची. वाटी संपेपर्यंत चंपाबाईंचं पाच मैल चालणं व्हायचं.

त्याच जिनमतीनं एकोणीस वर्षांपूर्वी दीक्षा घेतली, आर्यिका झाली. पांढरी साडी, मोरपिसांची पिंछी, कमंडलू आणि जन्मभर पायी चालणं. दिवसातनं एकदाच आहार, तोही ओंजळीतनं. घरचं नाव सुटलं, नातं सुटलं. थोरल्या बहिणीनंही हात जोडून "माताजी" म्हणायचं. एवढ्या वर्षांत चंपाबाईंना दर्शन झालं तीनदा, तेही मांडवाच्या गर्दीतनं मान उंच करून. चातुर्मास कधी कर्नाटकात, कधी पार मध्य प्रदेशात. दहीभात कालवताना चंपाबाईंचा हात अजून मध्येच थांबायचा. त्या ओंजळीत आपल्या हातचं एकदा काही पडावं, एवढंच त्यांना हवं होतं.

यंदा फेब्रुवारीत निरोप आला. माताजींचा संघ जतकडून निघालाय, कवठे महांकाळवरून सांगलीकडे येतोय.

आता चौका मांडायचा तर ते काय चहाचं आधण ठेवणं नव्हे. आहारासाठी सोवळ्यातलं स्वयंपाकघर लागतं. धान्य एकेक दाणा बघून निवडलेलं, पीठ जात्यावरचं, पाणी विहिरीचं, फडक्यानं गाळून उकळलेलं. बोअरचं चालत नाही. चंपाबाईंनी आठ दिवस आधी तयारी काढली. भांडी, शेगडी, जातं आणि घरच्या विहिरीच्या पाण्याची दोनशे-दोनशे लिटरची दोन पिंपं ट्रॉलीत चढली, तसे पायगोंडा हूक तपासता तपासता पुटपुटले, "पाणी नेतीस का हीरच नेतीस?"

"दोन दिवस ऱ्हायाचं हाय."

"चारशे किलो झालं हे. सात तर सोडच, सहासुदीक देणार न्हाई."

"मग तुमी उतरून चाला. तेवढंच वजन कमी."

गाडी निघाली. पायगोंडांनी काटा पन्नासच्या वर जाऊ दिला नाही. ट्रॉली ओढताना पन्नास म्हणजे डिझेलला पथ्य, असं त्यांचं शास्त्र. मागून उसाचे ट्रक हॉर्न मारून पुढं जात होते. मिरजेत चंपाबाई दर्शनाला मंदिरात गेल्या. मागं पायगोंडा एकटे उरले, समोर डॅशबोर्डवर सहाचा आकडा. माणसाला मोह काय कुठंही होतो. त्यांनी एका पिंपाची तोटी सोडली आणि रस्त्याकडेच्या लिंबाला दोनशे लिटर पाणी पाजलं. पुढं काय हिरी नाहीत का? त्यानंतर आकडा चढत चढत सातवर गेला, तसे साहेब शीळ घालायला लागले.

"आज लय खुशीत," चंपाबाई म्हणाल्या.

"रस्ता चांगला हाय."

कवठे महांकाळच्या अलीकडच्या एका वाडीत आप्पासो नावाच्या शेतकऱ्यानं त्यांना पत्र्याची शेड दिली. दिवस मावळायच्या आत चंपाबाईंनी जमीन पुसली, भांडी घासली, सोवळ्याची लुगडी धुतली. एक पिंप त्यातच संपलं. दुसरं भरलेलं आहे म्हणून त्यांनी हात आखडला नाही.

सकाळी दुसऱ्या पिंपाची तोटी फिरवली. तोटी नुसती खाकरली.

"आवं, हे रिकामं कसं?"

"गळलं आसंल."

"खाली चिखूल न्हाई."

पायगोंडा हुकाकडं बघत राहिले. "मिरजंत सोडलं. म्हटलं पुढं भरून घिऊ. सात दिलं गाडीनं, चंपा."

चंपाबाईंनी रिकाम्या पिंपाची तोटी फिरवून बंद केली. चार शब्द सुनावले असते तर पायगोंडांना बरं वाटलं असतं.

आप्पासोला विचारलं, तर तो हसला. "हीर? मावशी, आमच्या हिरीत आता पारवं ऱ्हात्यात. कालव्याला पाणी सुटायला अजून बारा दिस. बोअर हाय की, सातशे फूट. गोड पाणी हाय, पिऊन बघा."

पायगोंडांनी ट्रॉली सोडली आणि नुसती गाडी घेऊन चार वाड्या पालथ्या घातल्या. तेराच्या ॲव्हरेजनं गेले आणि रिकामे परत आले. तोवर चंपाबाईंनी घरच्या दोघांपुरता म्हणून स्वयंपाक बोअरच्या पाण्यावर उरकला होता. भात, दुधीची भाजी, मुगाचं वरण.

"सगळं तयारच हाय की," पायगोंडा हळूच म्हणाले. "पाण्याला काय रंग आसतोय? म्हणून टाक तेवढं. पाप मला लागू दे."

ते म्हणायचं म्हणजे असं: आर्यिका आहाराला निघाल्या, की दारात उभं राहून त्यांना बोलवायचं, आणि मन शुद्ध, वचन शुद्ध, काया शुद्ध, आहार-जल शुद्ध, अशी ग्वाही द्यायची. ती ऐकूनच त्या दारात थांबतात.

साडेनऊला माताजी निघाल्या, आहाराला निघायच्या रीतीप्रमाणं उजव्या हाताची बोटं खांद्यावर टेकलेली, नजर जमिनीवर. वाडीत आणखी तीन चौके होते, त्यांचंही पाणी घरून मोजून आणलेलं; तिथल्या बायका मोठ्यानं बोलवत होत्या. चंपाबाई शेडच्या दारात हात जोडून उभ्या राहिल्या. किती वाळली ही. टाचांना भेगा. चालताना डावा पाय जरा ओढतीय, लहानपणी कुठं ओढायची?

माताजी शेडसमोर आल्या आणि चाल मंदावली. चंपाबाईंच्या ओठांवर शब्द आले. वचन शुद्ध, हा त्यातला दुसराच शब्द होता. तिथंच त्यांची जीभ थांबली. माताजी एक श्वासभर उभ्या राहिल्या, आणि पुढं गेल्या. जतच्या एका बाईच्या दारात त्यांचा आहार झाला.

दुपारी संघ शाळेत विसावला होता. चंपाबाई दर्शनाला गेल्या. माताजींनी विचारलं, "चौका मांडला होता ना? बोलावलं का नाही तुम्ही?"

"पाणी बोअरचं होतं, माताजी."

"बरं केलंत."

चंपाबाई शेडवर आल्या आणि लुगड्याचा पदर डोळ्यांवर घेऊन पडून राहिल्या. आहार चुकला ते एक वेळ सोसलं असतं. जिनू आपल्याला 'तुम्ही' म्हणाली, ते कुठं ठेवायचं कळेना.

तेवढ्यात बाहेर गाडी सुरू झाली. पायगोंडा समडोळीला गेले आणि दिवस मावळायला परत आले. ट्रॉलीत तीन पिंपं, काठोकाठ.

दुसऱ्या दिवशी संघाच्या मागं गाडी पहिल्या गिअरमध्ये सरपटत होती. पुढं पांढऱ्या साड्या, मागं डुचमळणारी ट्रॉली. घोंघावणाऱ्या इंजिनाला बघून ऊसतोडणीवाले हसत होते.

"आता किती देती?" चंपाबाईंनी विचारलं.

"बघितलं न्हाई."

चंपाबाईंनी वाकून पाहिलं. आकड्यावर त्यांच्याच टिकल्यांच्या पाकिटातली एक टिकली चिकटवलेली होती.

त्या दिवशी माताजी दुसऱ्याच दारात थांबल्या. त्याच्या पुढच्या दिवशी त्यांचा उपवास होता. चंपाबाई दोन्ही दिवस पहाटे उठून पाणी गाळत राहिल्या. चौथ्या दिवशी, मिरजेच्या अलीकडं, एका द्राक्षबागेतल्या घराच्या ओसरीवर त्या उभ्या होत्या. सगळी ग्वाही त्यांनी एका दमात दिली, आवाज फुटला तरी थांबल्या नाहीत. माताजी थांबल्या.

त्या पाटावर बसल्या, ओंजळ पुढं केली. चंपाबाईंनी घास ठेवला. दुसरा ठेवला. माताजींनी वर पाहिलं नाही. तिसरा, चौथा. पोरगी उठून फेरी मारायला गेली नाही. मागं पायगोंडा सोवळं नेसून, हातात दुधाचं भांडं घेऊन उभे होते.

शेवटी पाणी. चंपाबाईंनी तांब्या कलता केला. तोंडाशी आलेलं घरचं नाव गिळलं आणि धार जितकी बारीक करता येईल तितकी केली. ओंजळ भरायला वेळ लागावा म्हणून.

ओंजळ भरली. माताजी प्याल्या आणि त्यांनी हात मिटले.