भाव वाढवून मागणारे आप्पा

दुकानदाराशी हुज्जत घालून भाव वाढवून घेणारा माणूस अख्ख्या योकोहामात एकच होऊन गेला, आणि तो म्हणजे आमच्या वृंदाचे सासरे. भाव पाडून घेणारी माणसं मी ढिगाने पाहिली आहेत. मी स्वतः पुण्याची, तुळशीबागेत हात धरून हिंडवलेली, त्यामुळे दुकानदाराने सांगितलेला पहिला भाव मला मुळी ऐकूच येत नाही. पण काउंटरवर मूठ आपटून "पुरं पैसं घ्या, न्हाईतर ऱ्हाऊ द्या ती डाळ तिथंच!" असं ओरडणारं गिऱ्हाईक मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगते, त्यानंतरही नाही. वृंदा आमच्या वरच्या मजल्यावर राहायची. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या दोघींच्या नवऱ्यांना एकाच कंपनीने योकोहामाला पाठवलं होतं. तिच्या सासूबाई गेल्या, साताऱ्याकडच्या गावात आप्पा एकटे पडले, म्हणून तिच्या नवऱ्याने, शेखरने, त्यांना व्हिसाच्या मुदतीपुरतं इकडे आणायला सुरुवात केली. दर वसंतात चेरी फुलली की आप्पा यायचे, आणि आमच्या इमारतीत जणू छावणी पडायची.

आप्पा सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. उंच, काटक, मिशी पांढरी पण टोकं अजून वरच. त्यांना पाहून कुणालाही वाटावं की यांनी हातघाईच्या लढाया मारल्या असतील. आप्पांची सगळी नोकरी मात्र खेचरांच्या मागे गेली. वर डोंगरात, जिथे गाडी जात नाही, तिथे पीठ, रॉकेल, दारूगोळा सगळं खेचराच्या पाठीवरून चढतं, आणि त्या खेचरांच्या तुकडीत आप्पा. हे ते अगदी सरळ सांगत. एकदा जेवताना माझ्या नवऱ्याच्या तोंडून चुकून "गाढव" निघून गेलं, तर आप्पांनी हातातला घास खाली ठेवला. "गाढाव येगळं, खेचर येगळं," ते म्हणाले, आणि फरक समजावता समजावता ताटातलं वरण गार झालं. त्यांचं लाडकं खेचर म्हणजे चंपा. तिचा स्वभाव, तिची चाल, तिला गूळ कसा लागायचा आणि पातळ बर्फावर पाय टाकायच्या आधी ती कशी थबकायची, हे आम्हाला वृंदाच्या माहेरच्या माणसांपेक्षा जास्त पाठ झालं होतं.

आता असा माणूस रिकामा बसतो होय? आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी इमारतीच्या कचऱ्याचा ताबा घेतला. आमच्याकडे कचऱ्याच्या पिशव्यांवर निळी जाळी घालून ठेवतात, कावळे उपसतात म्हणून. ही जाळी नुसती टाकलेली आप्पांना बघवेना. त्यांनी कुठूनशी दोरी पैदा केली आणि खेचरावर ओझं बांधतात तशी करकचून गाठ मारली. कावळे हरले हे खरं, पण कचऱ्याची गाडी आली तेव्हा हातमोजे घातलेले दोन दणकट जपानी गडी त्या गाठीशी झटले आणि तेही हरले. शेवटी इमारतीचे वयस्कर व्यवस्थापक वृंदाच्या दारात येऊन कमरेत वाकून वाकून माफी मागू लागले. चूक आपली आणि माफी मागतात ते, त्यामुळे वृंदाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आप्पा खाली गेले, दोरीचं एक टोक ओढलं, गाठ सुटली. त्या दोघा गड्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि पुढच्या आठवड्यापासून ते गाडी थांबवून आप्पांकडून गाठ शिकू लागले.

असं सगळं छान होतं, पण कुणी "सैनिक" म्हणून त्यांचे आभार मानले की आप्पांचा पारा चढायचा. आमच्या मराठी मंडळींच्या जेवणात एक जण भारावून म्हणाले, "आप्पा, तुमच्यासारखे सीमेवर उभे असतात म्हणून आम्ही इथे सुखाने झोपतो." आप्पांनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "तुमी तर जपानात झोपताय," ते म्हणाले, आणि कोशिंबीर वाढून घेतली. ट्रेनमध्ये शाळकरी मुलीने म्हातारा म्हणून जागा दिली, तरी हे बसायचे नाहीत. तिच्यासमोर ताठ उभे राहायचे. ती बिचारी परत बसेना, हे बसेनात, आणि गच्च भरलेल्या डब्यात ती एक जागा योकोहामा येईपर्यंत रिकामी. सगळा डबा अवघडून खिडकीबाहेर बघतोय! मी म्हटलं, "अहो आप्पा, मान ठेवते आहे ती." तर म्हणाले, "मान ऱ्हाऊ दे, तिचं दप्तर बघ केवढं हाय."

म्हणूनच त्यांचं दर मंगळवारी सकाळी गायब होणं आम्हाला कळेना. इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट, आणि साडेनऊला स्वारी बाहेर. वृंदाला वाटायचं देऊळ शोधतात की काय. एकदा मी स्टेशनजवळच्या मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये उघडायच्या वेळेला पोचले आणि बघते तर काय, काचेच्या दारापुढे पहिला नंबर आप्पांचा! इकडे अशा दुकानांची एक रीत आहे. सकाळी दार उघडलं की सगळे नोकर आपापल्या काउंटरपुढे रांगेत उभे राहतात आणि आत येणाऱ्या पहिल्या गिऱ्हाइकांना वाकून नमस्कार करतात. दहा वाजले, दारं उघडली, आणि आप्पा निघाले. हात बाजूला, छाती पुढे, पावलं मोजून मापून, उजवीकडे एक मान, डावीकडे एक मान. बाई गं, परेडची पाहणी चालली होती! अत्तरांच्या काउंटरपाशी एका मुलीचा नावाचा बिल्ला तिरका होता. आप्पा थांबले, नुसतं बोट दाखवलं, आणि तिने तो चटकन सरळ केला. मग फुकट मानवंदना घेतली असं होऊ नये म्हणून त्यांनी एक हातरुमाल विकत घेतला. वृंदाच्या कपाटात रुमालांची चळत का वाढतेय हे त्या दिवशी आम्हाला कळलं.

आणि अशा माणसाची गाठ पडली ती शेठजींशी. शेठजींचं भारतीय किराण्याचं दुकान आमच्या घरापासून चालत अंतरावर. आमच्या भागात तूरडाळ, हिंग, कढीपत्ता मिळण्याची तेवढी एकच जागा. शेठजी सिंधी, तरुणपणीच इकडे आलेले, जपानी आपल्यापेक्षा शंभर पटीने चांगलं बोलणारे, आणि हिशेबाला असे पक्के की माझ्यासारखीनेही त्यांच्यापुढे हात टेकले होते. त्या शेठजींनी आप्पा फौजी आहेत हे कळताच गल्ल्याचा खण आपटून बंद केला. "आप फ़ौजी हैं! आपसे पैसे? पाप लगेगा मुझे!" आप्पा म्हणाले, "पैसे लो." शेठजी म्हणाले, "चलिए, आधे." तिथून जो लिलाव सुरू झाला तो उलट्या दिशेने. शेठजी खाली ओढतायत, आप्पा वर चढवतायत, आणि मी मध्ये कोथिंबीर धरून उभी. शेवटी आप्पांनी पूर्ण पैसे काउंटरवर ठेवले आणि तरातरा निघाले. संध्याकाळी शेठजींनी वृंदाबरोबर पापडाचं पाकीट पाठवलं. दुसऱ्या दिवशी आप्पांनी ते परत नेऊन दिलं. तिसऱ्या वेळी शेठजींनी दुकानात एक पाटीच लावली, हिंदीत आणि इंग्रजीत: फौजी भाइयों के लिए खास सूट. त्या भागात फौजी भाई एकच! आप्पांनी ती पाटी वाचली, रिकामी पिशवी घडी घालून बगलेत मारली आणि जाहीर केलं की ह्या दुकानात आता पाय ठेवायचा नाही, आणि घरातल्या कुणीही ठेवायचा नाही.

झालं! वृंदाच्या घरात मुगाचं वरण सुरू झालं. शेखर चौथ्या दिवशी माझ्याकडे वाटीभर तूरडाळ मागायला आला, तीही सासऱ्या-सुनेची नजर चुकवून. मी म्हटलं, हे काही खरं नाही, आणि तडक शेठजींकडे गेले. "शेठजी, हवीच आहे का ती सूट? राहू द्या ना," असं म्हणायला गेले, तर त्या हिशेबी माणसाचे डोळे भरून आलेले. फाळणीत ते लहान होते. कराचीच्या बंदरावर रेटारेटीत त्यांची आजारी आई खाली बसली ती उठेना. कोण कुठला एक जवान आला, त्याने आईला पाठीवर घेतलं, याला हाताशी धरलं, आणि दोघांना जहाजावर चढवून गर्दीत परत गेला. "नाम नहीं पूछा, बहनजी. शुक्रिया तक नहीं कहा. माँ मरते दम तक मुझे टोकती रही, तूने उसे कुछ कहा क्यों नहीं. मेरी दुकान में पूरी ज़िंदगी में एक फ़ौजी आया है, और वो भी मुझसे कुछ लेता नहीं."

घरी येऊन मी आप्पांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. ते बाल्कनीत बूट पॉलिश करत बसले होते. बराच वेळ ब्रशच चालला.

"त्यो जवान म्या न्हवं," शेवटी ते म्हणाले.

"त्यांनाही माहीत आहे ते, आप्पा."

"मग त्याचं म्या का खावं, पोरी? त्यानं त्या बाईला पाठीवर घेतली. म्या कुणाला घेतली? ओझं चंपानं व्हायलं, म्या मागनं चाललो. म्हातारी झाली तशी तुकडीतनं काढली तिला. तिला कुणी सूट दिली? आन् म्या तिच्या जिवावर फुकट डाळ आणू?" एवढं बोलून त्यांनी बूट बाजूला ठेवला. त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता, आणि त्यामुळे मला जास्त वाईट वाटलं. मग म्हणाले, "त्या शेठला सांग, मंगळवारी धाच्या आत स्टेशनापाशी ये म्हणावं. इस्त्रीचा शर्ट घालून."

शेठजी आले. इतकी वर्षं योकोहामात काढलेला माणूस, पण सकाळी स्वतःचं दुकान उघडायचं असल्यामुळे त्यांनी तो सोहळा कधी पाहिला नव्हता. दारं उघडली आणि आप्पा आणि शेठजी जोडीने आत शिरले, मागे मी. दोन्ही बाजूंनी माना झुकत होत्या. मध्यावर पोचल्यावर आप्पा थांबले. "देखो शेठजी," ते म्हणाले, "इनको मालूम नहीं मैं कौन हूँ. आप कौन हो, वो भी मालूम नहीं. ये बहनजी को भी उतना ही झुकते हैं. ये मेरे को चलता है." शेठजी मागे वळून त्या सगळ्या रांगेकडे बघत राहिले. मग आप्पांनी दोन रुमाल घेतले, एक शेठजींच्या हातात ठेवला, आणि शेठजींनी त्याचे पैसे द्यायचा प्रयत्नही केला नाही, यावरून त्यांना काहीतरी उमगलं असावं.

पुढच्या दिवशी मी हिंग आणायला गेले. ती सवलतीची पाटी गेली होती. शेठजींनी माझ्याकडून नेहमीप्रमाणे पै न् पै घेतली, पण मी निघाल्यावर ते काउंटरमागून बाहेर आले, दारापर्यंत आले, आणि कमरेतून वाकले. मी दचकले, मला वाटलं माझ्या पायाशी काही पडलं. माझ्यानंतर एक जपानी आजी जिऱ्याची पुडी घेऊन निघाल्या, त्यांनाही तसंच. मग एक बांगलादेशी विद्यार्थी, त्यालाही तसंच. संध्याकाळी आप्पा वृंदाला घेऊन डाळ आणायला गेले, पूर्ण पैसे मोजले, आणि दारात शेठजी त्यांच्यापुढे वाकले. सगळ्यांइतकेच, कणभरही जास्त नाही. आप्पांनी एक मान तुकवली आणि डाळ घेऊन निघाले. रस्ता ओलांडल्यावर मात्र त्यांनी पिशवी वृंदाच्या हातात दिली आणि नवाकोरा रुमाल काढून नाक शिंकरलं. वारा फार आहे म्हणाले. वृंदा सांगते, पानसुद्धा हलत नव्हतं.

त्या वर्षी आप्पा परत निघाले तेव्हा शेठजी कागदात गुंडाळलेला गुळाचा खडा घेऊन विमानतळाच्या बसपाशी आले. आप्पांच्या कपाळावर आठी चढायच्या आत त्यांनी सांगून टाकलं, "आपके लिए नहीं है. चंपा के लिए है." चंपा जाऊन कित्येक वर्षं झाली होती, हे शेठजींना चांगलं ठाऊक होतं. आप्पांनी तो खडा दोन्ही हातांनी घेतला. जन्मात फुकट घेतलेली तेवढीच एक वस्तू. बस हलली तेव्हा ते खिडकीतून हात करायचे विसरले. पुडी सोडून वास घेत होते.

पुढच्या वसंतात चेरी फुलली पण आप्पा आले नाहीत. गावाकडून फोन आला, शेखर आणि वृंदा रातोरात निघाले, आणि शेठजींना सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी सांगितलं. त्यांनी माझी डाळ मोजली, पैसे घेतले, सुटे परत दिले, आणि रोजच्यासारखे दारापर्यंत आले. वाकले ते मात्र वर येईचनात. माझ्यामागे जिरेवाल्या आजी पिशवी धरून ताटकळत उभ्या होत्या. मी हळूच म्हटलं, "शेठजी, पीछे माताजी खड़ी हैं." तेव्हा ते उठले, डोळे पुसले, आणि आजींनाही तेवढाच वेळ वाकले.