मीटरवरचे तेवीसशे

नागपूरच्या दुकानातून गाडी आल्याचा निरोप आला तेव्हा मे महिना अर्धा सरला होता, आणि मी इतकी थकले होते की आनंद करायचाही कंटाळा आला. गाडी नोंदवून सात वर्षं झाली होती. नोंदवली तेव्हा आमचे हे समुद्रपूरच्या दवाखान्यातून स्कूटरवर खेडोपाडी जायचे, पांदणीतल्या चिखलात पडायचे आणि चार चाकांची स्वप्नं बघायचे. गाडी यायच्या आत स्कूटर सुटली. ह्यांच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू निघाला. दोनेक वर्षं दिवसाउजेडी गाडी चालवता येईल, पुढचं काही सांगता येत नाही, असं डोळ्यांच्या डॉक्टरांचं म्हणणं होतं. हे आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. माझ्या सासूबाईंना कळू द्यायचं नाही, अशी ह्यांची सक्त ताकीद होती.

सासूबाई मुलाची गाडी आणायला अल्लीपूरहून मुद्दाम आल्या होत्या. पिशवीत नारळ, लिंबं, हळदकुंकू, पितळी ताट. एसटीत निम्म्या वाटेपर्यंत उभ्या राहिल्या, पण पिशवी काही खाली ठेवली नाही.

गाडी दुकानामागच्या अंगणात उभी होती. सायीच्या रंगाची, स्वच्छ पुसलेली. ह्यांनी दार उघडलं, आत वाकले, चष्मा वर केला आणि मीटरला जवळजवळ नाक लावलं. मग हळूच म्हणाले, "तेवीसशे."

तेव्हा कारखान्यातून गाड्या ड्रायव्हर लोक रस्त्यानंच चालवत आणत. मुंबई ते नागपूर म्हणजे नऊशेच्या आत-बाहेर, तेवढं आम्ही धरूनच होतो. बाकीचे चौदाशे किलोमीटर कुठून आले? सासूबाईंना अंगणातच कडुलिंबाच्या सावलीत बसवून आम्ही मॅनेजरकडे गेलो. तो म्हणाला, ड्रायव्हर रस्ता चुकला असेल. चौदाशे किलोमीटर रस्ता चुकणारा माणूस कलकत्त्याला निघतो, नागपूरला नाही, हे मी त्याला ऐकवलं. त्यानं थंड पाणी मागवलं. त्या दुकानात सगळ्या प्रश्नांना थंड पाणी हेच उत्तर होतं.

शेवटी तो मुद्द्यावर आला. पसंत नसेल तर सोडा, तुमचं नाव पुढच्या खेपेत घालतो. पुढची खेप कधी, विचारलं तर वर्ष लागेल, दीड वर्षही लागेल, म्हणाला.

ह्यांनी सरळ नको म्हणून सांगितलं. बाजारात टाचणीएवढं भोक दिसलं तरी वांगं परत करणारा माणूस. कोणी वापरलेली वस्तू नवी म्हणून घ्यायची नाही, हा त्यांचा बाणा, आणि त्यात चूक काहीच नव्हती. मी मात्र मनात वजाबाकी करत होते. दोनातून दीड गेलं की राहतं काय? पण त्या परक्या माणसासमोर मी कसं म्हणणार, की अहो, तुमच्याकडे तेवढा वेळ नाही? मी त्यांच्या बाहीला हात लावला. त्यांना कळलं होतं, म्हणूनच त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मला त्यांचा राग आला, आणि रागापेक्षा जास्त शीण आला. उठून पुन्हा एसटीच्या रांगेत उभं राहायचं, एवढंच दिसत होतं.

बाहेर आलो तर सासूबाई पूजा आटोपून बसलेल्या. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चारही चाकांखाली लिंबं, नारळ फुटलेला. आत काय चाललंय याची त्यांना काय कल्पना! आपली गाडी दारात उभी आहे, मुहूर्त कशाला दवडायचा, असा त्यांचा हिशोब. मॅनेजरनं कपाळाला हात लावला. कुंकू लागलेली गाडी आता दुसरा कोण घेणार?

त्या मात्र भलत्याच विचारात होत्या. मला जवळ बोलावून मागच्या सीटच्या फटीत बोट घालून दाखवलं. हळदीचे पिवळे तांदूळ. त्यांनी अक्षता फक्त बॉनेटवर वाहिल्या होत्या. मग मॅनेजरला खरं सांगावंच लागलं. ड्रायव्हरचं गाव वाटेवर होतं, घरात बहिणीचं लग्न, आणि आठवडाभर नवरदेवापासून आचाऱ्यापर्यंत सगळ्यांची ने-आण आमच्या गाडीनं झाली होती. हे आणखीच भडकले. चला, निघू, म्हणाले.

सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. ताट पदरानं पुसत खालच्या आवाजात म्हणाल्या, "घेऊन टाक लेका. दिसून राह्यलं तोवर चालवून घे."

मॅनेजरला काही उमगलं नाही. तो पुन्हा पाणी मागवायला गेला.

ह्यांनी सही केली. सासूबाईंना पुढे बसवलं, मी मागे ताट मांडीवर घेऊन बसले. बुटीबोरी मागे पडली. मग ह्यांनी रस्त्यावरची नजर न हलवता विचारलं, "माय, तुले कोणं सांगतलं?"

"कोण सांगते? घरी जेवताना तू पाण्याचा गिलास चाचपून उचलून राह्यला. मी का आंधयी हावो?"

ह्यांनी गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. सासूबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. रडतील म्हणून त्यांच्यापासून लपवलं होतं, आणि त्या गाडीत न रडलेल्या त्या एकट्याच होत्या.

पुढची दिवाळी गेली, तिच्या पुढचीही गेली, आणि तिसरी यायच्या आत एका सकाळी ह्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. पुढच्या खेपेची गाडी त्याच सुमाराला शेजारच्या गावात एकाकडे आली. अगदी कोरी होती म्हणे. मी बघायला गेले नाही.