मावशीला पाठवलेला फोटो

मकरंदचा तो फोटो मावशीला मी पाठवला होता. मकरंदला जाऊन दीड महिना झाला. त्याच्याविषयी काही चांगलं लिहिण्याआधी हे लिहायला हवं.

मकरंद माझा मावसभाऊ, माझ्याहून बारा वर्षांनी लहान. एम.एस. करायला शिकागोला आला, माझ्याच अपार्टमेंटमध्ये राहिला आणि २००२ मध्ये शिक्षण सोडून एका मेटल बँडचा ड्रमर झाला. स्टेजवर मुखवटे, शवपेटी, आणि शेवटच्या गाण्याला कवटीतून रक्त पिणारा मकरंद. ते रक्त माझ्या खिरीच्या पातेल्यात शिजायचं... कॉर्न सिरप आणि खायचा लाल रंग. "दादा, चाखून बघ, पाक जमलाय का?" चर्चवाले थिएटरबाहेर निदर्शनं करत, एका गावाने तर शो कॅन्सल केला, आणि तिकिटं आणखीच खपली. मी नावडत्या नोकरीवरून घरी यायचो तेव्हा हा गुणगुणत पातेलं ढवळत असायचा. मला ते सहन होईना.

नागपूरला जाणाऱ्या कुणाहीबरोबर मी मावशीला बदाम, चॉकलेटं पाठवायचो. "पोरगं कसं आहे ते कळवत जा रे," असं तिनंच सांगितलेलं. एका खेपेला पाकिटात वर्तमानपत्रातला तो फोटो घातला, कवटीतून रक्त पितानाचा. मागे लिहिलं, "हल्ली हे करतो." पाकाचं लिहिलं नाही.

नंतर त्याचा आवाज ऐकला की मावशी फोन ठेवायची. "दादा, तू विचार ना यार, माझं काय चुकलं?" मी म्हणायचो, विचारतो. सहा वर्षं म्हणत राहिलो. तेवढ्या काळात बँड गाजला, आपसात भांडला, गायक सोडून गेला. लोकांना धक्का बसेनासा झाला. शेवटी शेवटी तीसेक माणसांच्या बारमध्ये तेच रक्त... रविवारी मात्र तो नागपूरचा नंबर लावायचाच. मग ओहायोतल्या एका मोटेलात, झोपेतच, हार्ट अटॅकने गेला. तीस वर्षांचा होता.

अस्थी घेऊन मी नागपूरला गेलो. मावशीला सगळं सांगितलं, मला काय सहन होत नव्हतं तेही.

तिनं विचारलं, "गोड होतं ते?"

"हो."

"एक ओळ लिहायची होती, अवी."

मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. चुकलो म्हणालो, क्षमा कर म्हणालो. तिनं पाय काढून घेतले.