धुतलेल्या बाटलीचा वास

लग्न होऊन मसुऱ्याला आले, तेव्हा सासरच्या मागल्या दारी दारूच्या रिकाम्या बाटल्यांचा ढीग पाहिला आणि न्हाणीघरात जाऊन ढसाढसा रडले. एवढं पिणारं घर! मी कणकवलीच्या बाजारपेठेतली, दहावी पास. पण "कशाला आणल्यात?" एवढं विचारायची अक्कल दहावीपर्यंत कोणी शिकवली नव्हती. थोरली जाऊ, जिला मी बाय म्हणते, दाराबाहेरून म्हणाली, "रडान झाला काय गो? भायर ये. बाटल्यो धुवच्यो आसत."

बाटल्या कोकमाच्या आगळासाठी होत्या. मिठात उतरवलेला तो आंबट लाल रस बाटलीतला परका वास लगेच ओढून घेतो आणि मग वर्षभर सोलकढीचा सत्यानाश. म्हणून आधी भिजत घालायच्या, काथ्याने घासून लेबलं काढायची, आत राख, तांदळाची कणी आणि कढत पाणी घालून खुळखुळवायचं, मग काठ्यांवर उलट्या टांगून उन्हात. शेवटी बाय फणसाखाली पाटावर बसायची आणि एकेक बाटली नाकाशी धरायची. "ह्याच्यात खोबरेल होता. परत धू." "ही गेली." गेलेली बाटली भंगारात, वितळून पुन्हा काच व्हायला.

मला वाटायचं, यात काय मोठं? पहिल्याच वर्षी बायची नजर चुकवून सात-आठ बाटल्या मी माझ्या रुखवतातल्या चंदनाच्या साबणाने धुतल्या आणि परस्पर भरूनही टाकल्या. श्रावणात त्यातलीच एक निघाली. कढीचा घोट घेऊन सासरे थांबले. "गो सुने, जेवूक बसलंय काय न्हावूक?" बाय पदर तोंडात कोंबून हसत होती. मी फुगून दोन दिवस कोणाशी बोलले नाही, जसं काही साबण त्यांनीच लावला होता.

आता बाटल्या मालवणच्या हॉटेलांमागून टेम्पो भरून येतात. सासरे गेले, दोघींचे नवरे गेले. आम्ही दोघी आणि बाटल्या उरलो. आमचं आगळ लोक लांबून न्यायला येतात, ते बायच्या नाकामुळे, हे मी सगळ्यांना सांगते. माझ्या साबणाचंही सांगते, हसवायला बरं पडतं.

मध्ये तोंडाला मास्क बांधायला लावणारा तो तापाचा काळ आला. बाय त्यातून उठली, पण जेवताना गप्प राहू लागली. सुक्या बांगड्यासाठी जीव टाकणारी, तिने ताटातला बांगडा तसाच ठेवला. म्हटलं, अशक्तपणा असेल. कोकमाच्या दिवसांत ती नेहमीसारखी पाटावर बसली आणि तिने एक बाटली पास केली. मी हातभर लांब होते, तरी थिनरचा भपकारा माझ्या नाकात शिरला.

"बरी आसा," बाय म्हणाली.

मी बाटली पास झालेल्यांत ठेवली आणि बाय आत गेल्यावर काढून टाकली. त्यानंतर तिने हुंगलेली प्रत्येक बाटली मी विहिरीआड नेऊन पुन्हा हुंगायचे. तिला पाटावरून उठवायचं कसं? त्या घरात दिवसभर "बाय, ही बघ गो" म्हणून हाक पडायची ती त्या पाटामुळेच.

एका सकाळी तिने बाटली माझ्याच नाकाशी धरली. "ही बरी आसा ना गो?"

फिनेलने डोळे चुरचुरले. "बरी आसा," मी म्हटलं.

"मिया आताच फिनेल खळबळवलंय तेच्यात." ती माझ्याकडे बघत राहिली. "तुझापन नाक गेला काय? का माका खुळी समाजतंस? विहिरीआड रोज कशाक जातंस ता माका दिसता. नाक गेला, डोळे आसत."

मी तिचा हात धरायला गेले. तिने तो सोडवून घेतला, गुडघ्यावर जोर देऊन उठली आणि पाट पायाने माझ्याकडे सरकवला. "बस हंय. लोकांच्या पोटात जाता ता." आणि माझ्या जागी, घंगाळाशी जाऊन घासायला बसली.

मी पाटावर बसले. आयुष्यभर ज्या पाटाकडे हावरेपणाने बघत आले, तो असा मिळाला. पहिली बाटली उचलली तर नाक रडून चोंदलेलं. बायने वर न बघता म्हटलं, "आदी नाक शिकर."

आता ती धुते, मी हुंगते. दर बाटलीला ती विचारते, "काय होता गो ह्याच्यात?" मी सांगते, खोबरेल, फेणी, कुणाचं तरी खोकल्याचं औषध. ती घासायची थांबते, डोळे मिटते, काहीतरी शोधत राहते. कधी सापडल्यासारखी मान हलवते. बहुतेकदा नाही.

काल तिने नुकतीच उन्हातून काढलेली बाटली दिली. मी हुंगली, परत हुंगली.

"कसलो वास येता?"

"कसलोच नाय."

"मगे माका येता तसोच," बाय म्हणाली आणि पुढची बाटली घंगाळात बुडवली.