नाव विचारणारी चन्नाक्का

“बुढ्ढी के गले में चांदी का अंडा है,” पडद्याआड तपासणी करणारी मुलगी बाहेरच्या पहारेकऱ्याला म्हणाली. रांगेतले दोघंतिघं हसले.

हैदराबादमधल्या माझ्या घराजवळच्या मेट्रो स्टेशनात सकाळचे साडेनऊ वाजले होते. माझी तपासणी आधीच झाली होती. पट्ट्यावरून आलेली बॅग उचलून मी पलीकडे उभी होते. पडदा सरकला आणि माझ्याबरोबर दवाखान्यात निघालेली चन्नाक्का, गावाकडची आमची शेजारीण, बाहेर आली. उजव्या डोळ्यावर हिरवी पट्टी, डाव्या हाताची मूठ छातीशी घट्ट. मुलीने तिच्यापुढे प्लास्टिकचा ट्रे धरला होता. गळ्यातलं काढा, यात ठेवा, मशीनमधून जाऊ द्या, एवढंच तिचं म्हणणं होतं. ती नवी असावी. तिच्या बोलण्यात दरारा कमी आणि घाई जास्त होती.

ते अंडं म्हणजे करडगी, लिंगायतांची इष्टलिंग ठेवायची चांदीची डबी. चन्नाक्काने ती लहानपणी गळ्यात घातली, त्यानंतर कधी अंगावेगळी केली नव्हती. त्या सकाळच्या दोनच दिवस आधी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आत नेतानाही तिने नर्सचं नाव-गाव विचारून, चार गोष्टी बोलून, करडगी मुठीत धरून झोपायची परवानगी मिळवली होती. पुढे, गेल्या वर्षी ती वारली, तेव्हाही लिंग तिच्या तळहातावर ठेवूनच तिला माती दिली. ते कुणाच्या ट्रेमध्ये ठेवणं तिला शक्य नव्हतं. स्टेशनातल्या त्या गर्दीत हे फक्त मला माहीत होतं.

“तेरा नाव क्या गे, अम्मा?” चन्नाक्काने मुलीला विचारलं.

नाव कशाला, मागे रांग अडली आहे, असं काहीतरी मुलगी म्हणाली. मग तिने विचारलं, “साथ में कौन है?”

मी फोनकडे पाहिलं. फोनवर काहीही आलेलं नव्हतं. चार पावलं मागे जाऊन दोन वाक्यं बोलायची होती. पण ती सगळी माझ्याच वेळेला ऑफिसला जाणारी माणसं होती, रोज दिसणारी, आणि ती माझ्याकडे बघणार होती. मान खाली असतानाच चन्नाक्काचं उत्तर ऐकू आलं.

“कोई न्हाई.”

मान वर केली तेव्हा ती तिथे नव्हती.

कर्नाटकातल्या आळंदला आमच्या घराला लागून चन्नाक्काची पिठाची गिरणी होती. नवरा गेल्यावर तिने ती एकटीने चालवली. तिला वाचता येत नव्हतं, त्यामुळे डब्यांवर नावं लिहून उपयोग नव्हता. ज्वारीचे वीस-पंचवीस डबे रांगेत, निम्मे अगदी एकसारखे. कुठला कुणाचा हे ती डबा आणणाऱ्याशी बोलून लक्षात ठेवायची. नवं माणूस आलं की दळण जाड की बारीक हे नंतर. आधी नाव, मग गाव, मग घरी कोण कोण. मराठीत, कन्नडात, दखनीत, समोरचा बोलेल तसं. “डबा म्या वळखत न्हाई, मानूस वळखते,” असं ती म्हणायची. एकदा एक घाईतला गृहस्थ डबा ठेवून न बोलताच निघून गेला. संध्याकाळी परत आला तर ज्वारी तशीच. तो चिडला. चन्नाक्का शांतपणे म्हणाली की या डब्याला नाव नव्हतं, मला वाटलं पाहुणा आलाय, बसू दे. गृहस्थाला हसावं लागलं, आणि नाव सांगावं लागलं.

मी पाचवीपासून कलबुर्गीला इंग्रजी शाळेच्या वसतिगृहात. सुट्टीत घरी आले की गिरणीतल्या रिकाम्या पोत्यांवर बसून पुस्तक वाचायचे. कुणी काही विचारलं तर मान हलवायची. चन्नाक्का टोमणा मारायची, “रेवू, साळंत तोंडाला कडी लावून पाठवत्यात व्हय?” कधी म्हणायची, जा, त्या बाईला नाव विचारून ये. मी जायचे, बाईच्या जवळ उभी राहायचे आणि तशीच परत यायचे. सांगायचे, विसरले. तिला खरं कळायचं. ती पिठाचे हात पदराला पुसत स्वतः उठायची. मला वाटायचं, मी सुटले.

स्टेशनाला चार जिने आहेत. दोन वर्षांत मी एकच वापरला होता, माझ्या खोलीकडे उतरणारा. मी तिथेच धावले. खाली रिक्षावाले होते, चन्नाक्का नव्हती. पुन्हा वर आले. मग आठवलं की सरकत्या जिन्याला ती बिचकली होती, म्हणून येताना आम्ही माझ्या खोलीकडच्या लिफ्टने आलो होतो. तपासणीजवळची लिफ्ट मात्र रस्त्याच्या पलीकडे उतरते. त्या बाजूला मी कधीच गेले नव्हते.

साखरेची तपासणी उपाशीपोटी करायची म्हणून तिने सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं, आणि उपाशी राहिली की तिची साखर एकदम उतरायची. ग्लुकोजचा पुडा माझ्या बॅगेत होता. फोन ती वापरत नसे. माझा पत्ता तिला माहीत नव्हता. डावा डोळाही अधूच होता.

पलीकडे सगळी राहती वस्ती निघाली. तीनमजली इमारती, खाली दुचाक्या, दारोदार पुसट झालेली रांगोळी, गच्च्यांवर वाळत घातलेले कपडे. गल्ल्या एकमेकींसारख्या. मी पहिली गल्ली पाहिली, दुसरी पाहिली, तिसरीतून फिरून पुन्हा पहिलीत आले. दारात माणसं होती. भाजी निवडणारी एक बाई माझ्याकडे बघत होती, विचार म्हणून सांगत असल्यासारखी. मी पुढे गेले. काय विचारणार? आणि ती विचारणार, तुम्ही तिच्या कोण, तुम्ही कुठे होता?

अशी चाळीस मिनिटं मी घालवली. तोंड उघडायला नको म्हणून पायांनी शोधत होते. एका कोपऱ्यावर कुत्री भुंकत होती आणि रस्त्यावर एक जुनी चप्पल पडली होती. ती तिची नव्हती. तरी मी वाकून ती उलटून पाहिली.

त्याच कोपऱ्यावर लिंबाखाली इस्त्रीवाला होता. मी त्याच्या टेबलासमोर उभी राहिले. एक म्हातारी बाई पाहिली का, असं विचारायला गेले आणि तोंडातून निघालं, “आपका नाम क्या है?”

त्याने इस्त्री बाजूला ठेवली. नाव यादगिरी, म्हणाला. मग हसला. आज सकाळपासून नाव विचारणाऱ्या तुम्ही दुसऱ्या. मघाशी डोळ्याला पट्टी बांधलेली एक अम्मा आली होती. मी नारायणखेडचा म्हटल्यावर केवढी खूश झाली, तिची मावशी तिथलीच म्हणे. कुठे जायचं विचारलं तर म्हणाली, पोरगी येईल मागून.

पोरगी येईल मागून.

त्याने दाखवलेल्या गल्लीत एकजण गाडी धूत होता. मी नाव विचारलं. तोही चमकला. सलीम. हो, अम्मा इथून गेली, पण चाल नीट नव्हती, भिंतीला हात लावत होती. बसा म्हटलं तर बसली नाही. मी पळत सुटले. पुढे इमारतींची फाटकं होती. प्रत्येक फाटकाशी थांबून, धापा टाकत, मी नाव विचारत होते. इतकी नावं मी आयुष्यात विचारली नव्हती.

चौथ्या फाटकाच्या आत, वॉचमनच्या खोलीपुढे, प्लास्टिकच्या खुर्चीवर चन्नाक्का होती. चेहरा पांढरा, कपाळावर घाम. एक बाई तिला स्टीलच्या पेल्यातून गुळाचं पाणी पाजत होती. करडगीवरची मूठ तिने तेव्हाही सोडली नव्हती.

“आली बघ,” चन्नाक्का त्या बाईला म्हणाली. मग मला म्हणाली, “ही लक्ष्मी. नवरा वाचमन हाय. दोन लेकरं.”

मी खाली बसून ग्लुकोजचा पुडा फोडू लागले. तो मला फोडता येईना. लक्ष्मीने दातांनी फोडला. दहा-पंधरा मिनिटांनी चन्नाक्काच्या गालांवर रंग आला. मला माफी मागायची होती. शब्द जुळवत होते, तेवढ्यात तीच म्हणाली, “कामून रडायलीस? तुला गर्दीत बोलाय जमत न्हाई, ठाव हाय मला. म्हणून म्याच ‘कोई न्हाई’ म्हनले.”

मी फोनमध्ये तोंड घातलं ते तिने एका डोळ्याने पाहिलं होतं. आणि गिरणीत उठायची तशीच ती माझ्यासाठी उठून गेली होती.

दवाखान्यात फोन केला. रक्त उद्या द्या, पण डोळा आजच दाखवा, म्हणाले. लक्ष्मीने भात आणि पप्पू, म्हणजे आपलं वरण, जेवू घातल्याशिवाय सोडलं नाही. निघताना चन्नाक्का म्हणाली, “आटोनं जाऊ गं. त्या पोरीला कामून तरास?”

मी नको म्हणाले. सकाळी ती उतरली होती त्याच लिफ्टने आम्ही वर गेलो. या वेळी मी चन्नाक्काला पुढे केलं नाही आणि मागेही ठेवलं नाही. पडद्याजवळ तीच मुलगी होती. दुपारच्या मानाने रांग बरीच होती. तिने आम्हाला ओळखलं आणि ट्रेकडे हात नेला.

तुमचं नाव काय, मी विचारलं. ती गोंधळली. सुनीता, म्हणाली. मग पुन्हा चन्नाक्काकडे वळून तिने तेच विचारलं, “अम्मा, साथ में कौन है?”

चन्नाक्काने तोंड उघडलं. ती काय म्हणणार ते मला कळलं. रांगेतली माणसं बघत होती, मागून कुणीतरी चुकचुकलं. मी चन्नाक्काच्या मुठीवर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले,

“सुनीता, ये गले से नहीं निकलेगा. मशीन ऊपर से फिराके देख लो. और इनके साथ मैं हूँ.”