समुद्राकडचं कुंपण

आज सकाळी कुंपणाच्या फांद्या छाटताना निर्गुडीचा पाला हातात चुरडला गेला आणि तो कडवट, औषधी वास थेट डोक्यात शिरला. राजोडीला आमची केळीची वाडी समुद्राला अगदी खेटून आहे. तिच्या पश्चिमेला निर्गुडी, भेंड, करंज आणि पायथ्याशी केवड्याचं काटेरी रान, असं दाट कुंपण. यातलं एकही झाड कुणी हौसेनं अंगणात मिरवणार नाही. पण खारं पाणी, वाळू आणि वारा पचवून ही मंडळी जगतात, आणि मला त्यांचा भारी अभिमान आहे.

हे कुंपण एकदा बाबांनी स्वतःच उपटून टाकलं होतं. गावात जो तो विटांची भिंत घालत होता, मग आमचे बाबा मागे कसे राहतील? पुरुषभर उंच भिंत उभी राहिली, तिला रंग लागला, आणि बाबा मिशीला पीळ देत तिच्यापुढून फेऱ्या मारू लागले. आई म्हणाली, "समुद्राकडून कोण चोर येणार होता?" आला तो वारा. झुडपांतून गाळून, मंदावून येणारा वारा आता भिंतीवर आपटून वर उसळायचा आणि अलीकडे केळींवर कोसळायचा. पावसाळा सरेपर्यंत पानांच्या चिंध्या झाल्या, घड लागलेल्या केळी आडव्या पडल्या. शेजाऱ्यांनी वाडी मोडून पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या होत्या. "तुम्हीही काढा," ते म्हणाले. आणखी एक मोसम असा गेला असता तर आमचीही वाडी गेली असती, हे घरात सगळ्यांना कळत होतं.

मग एका सकाळी पहार घेऊन बाबांनी आपलीच भिंत पाडायला घेतली. येणारेजाणारे थांबून विचारायचे, "काय हो, हौस फिटली?" "फिटली," बाबा म्हणायचे आणि पुढची वीट काढायचे. सोयऱ्यांच्या कुंपणांतून फांद्या मागून आणून त्यांनी त्याच जागी खोचल्या. निम्म्या वाळल्या, तेव्हा पुन्हा मागायला गेले. कोपऱ्यात सावकाश वाढणाऱ्या उंडीचं रोप लावलं, तेव्हा आई म्हणाली, "ही वाढेपर्यंत आपण असू का?"

"वारा असेल ना," बाबा म्हणाले.

आता दोघंही नाहीत. धाकट्या भावालाही खोल्या काढायच्यात. माझ्या हातात कोयता बघून तो खूश झाला. "ताई, सगळंच काढून टाक. पाहुण्यांना सी-व्ह्यू पाहिजे, तुझी निर्गुडी बघायला कोण येणार?"

"समुद्र बघायचा त्यानं फाटक उघडून बाहेर जावं," मी म्हटलं. "खोल्या रस्त्याच्या बाजूला काढ, मी आड येणार नाही. इथल्या फांदीला मात्र हात लावायचा नाही."

"बाबांसारखीच हट्टी आहेस!"

मला बरं वाटलं आणि ते मी लपवलंही नाही. विरळ झालेल्या जागी मी छाटलेल्या फांद्या खोचत राहिले. तो जाता जाता थांबला. "आणि तुझ्यानंतर?"

झाडं लावणाऱ्याला पुढच्याचं मन बांधून ठेवता येत नाही, आणि ठेवूही नये. "माझ्यानंतर तू ठरव," मी म्हटलं, "पण त्याआधी एक पावसाळा या केळींत उभा राहून बघ." मी पुढची फांदी उचलली.