नखानं उघडणारा चाकू

टेबलावर आधी रुमाल यायचा. मग त्याच्या घड्या उलगडायच्या आणि शेवटच्या घडीतून चाकू निघायचा. तो माझ्याकडे सरकवून काका दोन पावलं मागे व्हायचे, हात बांधायचे आणि म्हणायचे, "जमादार, मी माह्या पायानं आलो. तसं लेहा."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. एसटीतून उतरल्यावरही तिकीट मुठीत धरून चालणारी, रस्ता मोकळा असला तरी लाल दिव्याला थांबून राहणारी. कायद्याला घाबरणारे काही त्याच्यापासून लांब पळतात, काही त्याच्याजवळ येऊन बसतात. आमचे काका जवळ येऊन बसणारे होते.

मी तेव्हा मंगरूळपीर तालुक्यातल्या एका लहानशा ठाण्यात हवालदार होतो आणि जमा मालाची खोली माझ्याकडे होती. हातभट्टीचे डबे, कुणाकुणाच्या सायकली, उंदरांनी कुरतडलेली गाठोडी, हे माझं राज्य. निवडणूक लागली की परवानाधारकांनी आपापली शस्त्रं ठाण्यात जमा करावीत, असं गावोगाव ऑटोवरून भोंग्यातून सांगत फिरतात. त्या दिवशी ठाण्यात लग्नघरासारखी वर्दळ असते. कातडी म्यानात पिस्तूल घातलेले एक ठेकेदार, शालीत गुंडाळलेली बंदूक घेऊन आलेले एक म्हातारे पाटील, बँकेचा पहारेकरी, सगळे तोंडं पाडून रांगेत उभे. बंदूक घरी असली की माणूस गावात जरा छाती काढून चालतो, ती जमा करताना छातीही जमा करावी लागते. त्या रांगेच्या शेवटी पांढरा सदरा-पायजमा घातलेला एक काटकुळा माणूस होता.

"काका, तुमचं काय?"

"जय भीम, जमादार. चाकू जमा कराचा हाय."

ठेकेदार मोठ्यानं हसले. मी हसलो नाही, कारण ठाणेदार साहेब समोरच होते. मी फूटपट्टी काढली. पातं माझ्या मधल्या बोटाएवढं. कायद्याची भीती नऊ इंचांपेक्षा लांब नाहीतर दोन इंचांपेक्षा रुंद पात्याला, आणि घरकामाची, शेतीची हत्यारं त्यातून वगळलेली. बटण दाबताच खाडकन उघडतो तो खटक्याचा चाकू असता, तर मात्र मी काकांना आधी बाकावर बसवलं असतं.

"खटक्याचा आहे का हो?"

"नाई जी. नखाचा हाय." त्यांनी पात्याच्या खाचेत अंगठ्याचं नख घातलं आणि पानाची डबी उघडावी तसा तो सावकाश उघडून दाखवला.

"काका, याला परवाना लागत नाही. खिशात घाला आणि घरी जा."

"मंग लागत नाई असं लेहून द्या."

मी ठाणेदारांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "जे लागतच नाही, ते लागत नाही असं सरकार लिहून देत नसतं."

"मंग जमा करून घ्या," काका म्हणाले. "जमा केल्याचं तं लेहून देता ना?"

साहेबांचा जेवणाचा डबा थंड होत होता. त्यांनी मानेनंच मला खूण केली. मी पावती लिहिली, 'घडीचा चाकू, नग एक', आणि काकांच्या आग्रहाखातर पुढे 'मालक स्वतःच्या पायाने हजर' असंही लिहिलं. त्यांनी ती रुमालात बांधली. निकाल लागल्यावर ते येऊन चाकू घेऊन गेले. पुढे ग्रामपंचायत असो की लोकसभा, भोंगा वाजला की काका हजर. सणासुदीला हत्यारं बाळगू नयेत असा आदेश पेपरात आला तरी हजर. आणि असा आदेश आमच्याकडे किती वेळा निघतो, हे पेपर वाचणाऱ्यांना सांगायला नको.

गंमत इथवर ठीक होती. पण काकांचं पोट त्या चाकूवर होतं. आसेगावच्या बाजूला संत्र्याच्या रोपांना डोळे बांधायचं काम ते करायचे. म्हणजे जंबेरी लिंबाच्या रोपाची साल अलगद कापायची, चांगल्या संत्र्याचा एक डोळा काढून तिच्यात बसवायचा आणि वरून पट्टी गुंडाळायची. हे काम थंडीतलं. एका वर्षी निवडणूक नेमकी थंडीत आली. चाकू माझ्या कपाटात आणि काका घरी. दुसऱ्या चाकूनं हात बसत नाही, आणि दुसरा घेतला तर तोही जमा करावा लागेल, असं त्यांचं म्हणणं. शेवटी रोपवाटिकेचा मालक रडकुंडीला येऊन ठाण्यात आला.

ठाणेदार साहेबांनी डोकं धरलं. मग म्हणाले, "चाकू ठाण्याच्या बाहेर जाऊ नये, एवढंच ना? मग त्यांना म्हणावं, ठाण्यातच बसून बांधा."

दुसऱ्या दिवशी पिशव्यांतल्या रोपांनी भरलेला टेम्पो आमच्या आवारात आला. काका लिंबाखाली बसले. सकाळी माझ्याकडून चाकू घ्यायचा, संध्याकाळी परत द्यायचा. तक्रार द्यायला आलेली माणसं बसल्या बसल्या त्यांना पट्टी कापून देऊ लागली. शेताच्या धुऱ्यावरून डोकी फोडायला निघालेले दोघे भाऊ एकदा त्यांच्या दोन बाजूंना बसले आणि रोपं पुढे सरकवता सरकवता एकमेकांशी बोलायला लागले. तक्रार लिहायची राहून गेली. तेवढे दिवस आमच्या ठाण्यात मोठी शांतता होती, हे मी आजही मान्य करतो.

त्याच दिवसांत साहेबांचा वाढदिवस आला. केक आला, पण त्याच्याबरोबरची प्लास्टिकची सुरी कुठेतरी पडली. कुणाला तरी काकांचा चाकू आठवला.

काकांनी चाकू मिटून मुठीत धरला. "जमा माल हाय, साहेब. वापरता येत नाई."

"तुम्ही तर दिवसभर वापरता."

"मी मालक हावो." मग जरा थांबून म्हणाले, "अन् मागच्या हप्त्यात तलवारीनं केक कापला म्हणून तुमीच पोट्ट्याईले धरून आणलं होतं."

साहेब आधी लाल झाले, मग इतके हसले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. केक शेवटी माझ्या फूटपट्टीनं कापला. काकांना पहिला तुकडा मिळाला. त्यांनी तो अर्धा खाल्ला आणि अर्धा बायकोसाठी रुमालात बांधला.

एका दुपारी चहा पिताना मी विचारलंच. "काका, इतकं कायले घाबरता? कोणी तुमच्याकडे बोटही दाखवत नाही."

पट्टी गुंडाळता गुंडाळता त्यांनी सांगितलं. तरणे असताना एकदा कामावरून परतताना ते वाटेतल्या यात्रेत शिरले होते. बंदोबस्त होता, झडती झाली, खिशात हाच चाकू सापडला. रात्रभर ठाण्यात बसवलं, सकाळी विचारपूस करून सोडून दिलं. गुन्हा नाही, काही नाही.

"मारलं का कोणी?"

"नाई जी. चाय पाजला. पण माहा बाप रातभर ठाण्याच्या पायरीवर बसून होता. अंदर या म्हणे ना कोणी, अन् त्याले इचाराचीही हिंमत नाई. सकाळी आमी दोघं गावात आलो तं सारं गाव उभं. याच्या पोराले पोलिसानं नेलं, एवढंच साऱ्याईच्या ध्यानात राह्यलं. सोडलं ते कोणालेच याद नाई. बाप मरेपर्यंत त्या गोष्टीवर बोलला नाई." त्यांनी पट्टीला गाठ मारली. "म्हणून म्हणतो, न्यायले येण्याच्या आधी आपणच गेलेलं बरं."

मला वाईट वाटलं. वर्षानुवर्षं आम्ही ज्याला हसत होतो, तो माणूस दर वेळी एकाच सकाळचं उत्तर द्यायला येत होता. पण आम्ही त्यांची थट्टा करायची सोडली नाही, कारण ती सोडली असती तर त्यांनाच चुकल्यासारखं वाटलं असतं.

शेवटच्या निवडणुकीला मुलगा त्यांना मोटरसायकलवर घेऊन आला. काका फार वाळले होते. फाटकापाशीच गाडी थांबवून ते उतरले आणि आवार पायी ओलांडू लागले. लिंबाखाली एकदा थांबले, पारावर हात टेकला, पुन्हा निघाले. मी उठून पुढे जाऊ लागलो तर मुलगाच म्हणाला, "राहू द्या, त्याईले नाई आवडत." टेबलाशी आल्यावर दम खाऊन त्यांनी रुमाल काढला.

"तसं लेहा," एवढंच म्हणाले. मीही तसंच लिहिलं.

निकाल लागला. बंदुकांचे मालक गुलाल धुवायच्या आत आपला माल घेऊन गेले. चाकू राहिला. काही दिवसांनी दूध घालायला येणाऱ्या माणसानं सांगितलं, काका गेले.

चाकू परत पोचवायचा होता. साहेब म्हणाले, "साध्या कपड्यांत जा रे. दुःखाचं घर आहे, पोलीस पाहून उगाच लोक गोळा होतील."

मीही तसंच ठरवलं होतं. पण सकाळी सदरा हातात घेतला आणि परत खुंटीला लावला. वर्दी चढवली, टोपी घातली, बुटांना पॉलिश केलं. जीप घेतली नाही. एसटीनं फाट्यावर उतरलो आणि गावात मधल्या रस्त्यानं, भर उन्हाचा, पायी निघालो. दारांतून माणसं बाहेर आली. कुणीतरी विचारलं, "काय झालं, जमादार? कोणाले न्यायले आले?"

"न्यायला नाही," मी मुद्दाम मोठ्यानं म्हणालो. "काकांचा चाकू आमच्याकडे होता. तो परत द्यायला आलो."

दर घरापाशी हेच सांगत गेलो. माझ्यामागे लोकांची चांगली रांग लागली होती.

काकांच्या घरापाशी पोचलो तेव्हा काकू दारात उभ्या होत्या. वर्दी पाहून त्यांनी चौकट घट्ट धरली. मी रुमाल त्यांच्या हातात दिला. "काकू, जमा माल परत करायला आलो. माझ्या पायानं आलो."

त्यांनी रुमाल उलगडला आणि चाकूकडे पाहत राहिल्या. मग नखानं पातं उघडलं, धार ठीक आहे का पाहिलं, पुन्हा मिटलं. रस्त्यावर थांबलेल्या सगळ्यांकडे त्यांनी एकदा नीट पाहून घेतलं. बूट काढायचे म्हणून मी तिथंच पायरीवर टेकलो.

"पायरीवर नोका बसू, जमादार," काकू म्हणाल्या. "अंदर या."